जैसे थे

कोडोलीत मला ‘मेजर’ म्हणतात. पानपट्टीवाला म्हणतो, सलूनवाला म्हणतो. वडापचा ड्रायव्हर तर पुढं बसलेल्या दोघांना मागं ढकलून म्हणतो, “मेजर, फुडं या.” मी लष्करात एक दिवसही नोकरी केलेली नाही. मी एका पतसंस्थेत वसुली बघतो आणि तिथं माझा दरारा असा, की थकबाकीदार मला चहा पाजून, वर पान देऊन परत पाठवतात. पण सहावी ते बारावी मी सैनिकी शाळेत होतो, आणि कोडोलीच्या हिशोबात शाळेच्या नावात ‘सैनिकी’ असलं की बाकीचं आपोआप आलं. सुरुवातीला मी खुलासा करायचो. मग लक्षात आलं, की खुलासा केल्यावर वडापमध्ये मागं बसावं लागतं.

मला तिकडं धाडायचं कारण वारणा नदी. पाचवीच्या गणिताच्या पेपरादिवशी मी दप्तर काठावर ठेवून पोहायला उतरलो आणि थोड्या वेळानं दप्तरही माझ्यामागं उतरलं. मी परत वर आलो, दप्तर आलं नाही. आमच्या भागात वाया चाललेल्या पोरावर तीन औषधं असतात: तालीम, बोर्डिंग आणि मिलिटरी. तालमीच्या वस्तादांनी माझ्या दंडाला दोन बोटं लावली आणि वडिलांना म्हणाले, “आधी चारून आणा.” राहिलेली दोन औषधं एकाच बाटलीत मिळतात म्हटल्यावर वडील खूश झाले.

आईचं मत वेगळं होतं. शेजारीच वारणानगर, तिथं तात्यासाहेब कोऱ्यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला बालवाद्यवृंद. त्यातली पोरं परदेशात जाऊन वाजवून येत. आईच्या डोळ्यांपुढं जाकीट घालून ढोलकी वाजवणारा मी होतो. वडील म्हणाले, “ढोलकीनं कुणाचं भलं झालंय?” आई म्हणाली, “आणि बंदुकीनं?” त्या रात्री आमच्याकडं जेवण लवकर आटपलं.

१९९५ साली राज्यात नवं सरकार आलं आणि प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा हवी असं धोरण ठरलं, हे वडिलांनी पेपरात वाचलेलं होतं. तरी त्यांचा जीव साताऱ्यावर. साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालं, देशातलं पहिलं. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. ह्या दोन गोष्टींचा संबंध वडील असा लावायचे, की शाळा निघाली नसती तर यशवंतराव कऱ्हाडलाच थांबले असते. साताऱ्याच्या प्रवेशपरीक्षेत मी पडलो. बेळगावचं मिलिटरी स्कूल १९४५ पासूनचं, तिथंही पडलो. नाशिकचं भोसला, डॉ. मुंज्यांनी १९३७ साली काढलेलं, त्याच्या फॉर्मची तारीख वडील ऊसतोडीच्या गडबडीत विसरले, म्हणून तिथं पडायचा राहिलो. अखेर नव्यानं निघालेल्या शाळांपैकी एकीनं मला घेतलं. तिचं नाव सांगत नाही. तिथले आमचे हाऊसमास्तर अजून ठणठणीत आहेत आणि चष्म्याशिवाय वाचतात.

शाळेनं सामानाची यादी दिली. त्यात पहिली ओळ: काळी लोखंडी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि कॅडेट नंबर. वडिलांनी हे काम ज्याच्याकडं दिलं तो पेंटर उसाच्या ट्रॉल्या रंगवायचा. त्यानं नाव घातलं, नंबर घातला, ११४. मग जागा उरली. उरलेली जागा तशीच सोडणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यानं दोन बाजूंना दोन कमळं काढली, मधे ‘आई-वडिलांची कृपा’ लिहिलं आणि मागच्या बाजूला, मला वाटतं हात थांबेना म्हणून, ‘अंतर ठेवा’. सात वर्षं डॉर्मिटरीत चाळीस काळ्या ट्रंका एका रेषेत असायच्या आणि त्यात एक ट्रॉली.

पहिल्या दिवशी मैदानावर फॉल इन झालो. ड्रिलचे उस्ताद शिराळ्याकडचे, निवृत्त हवालदार. ते हुकूम हिंदीत द्यायचे आणि हुकुमाचा अर्थ मराठीत सांगायचे. “पीछे मुड!” आणि मग दम न घेता, “आरं तिकडं कुटं? तिकडं सासुरवाडी हाय व्हय तुझी?” सावधान, विश्राम, आराम से, कदमताल, दाहिने देख हे सगळं आठवड्याभरात कळलं. माझी गाडी अडली ती ‘तेज चल’वर. चालताना माणसाचा डावा पाय पुढं जातो तेव्हा उजवा हात पुढं येतो. हे मला अकरा वर्षं कुणी न शिकवता जमत होतं. पण ‘तेज चल’ कानावर पडलं की डाव्या पायाबरोबर डावा हात आणि उजव्याबरोबर उजवा, असा मी गाडीवरच्या कठपुतळीसारखा निघायचो. उस्तादांनी डाव्या मनगटाला रुमाल बांधून बघितला. त्यानं एवढंच झालं, की चुकणारा हात लांबूनही दिसायला लागला.

तेव्हा ऐकला तो हुकूम: “जैसे थे!” म्हणजे आत्ता जे केलंत ते झालंच नाही असं समजा आणि होतात तसे परत या. मला फार नवल वाटलं. गणितात चुकलं की लाल रेघ येते, घरी चुकलं की पाठीत येते. इथं चूक पुसून टाकायला सरकारी हुकूम होता. त्या दिवसांत हा हुकूम माझ्या वाट्याला इतका आला, की शेजारचा गडहिंग्लजचा पोरगा रात्री झोपेत ओरडायचा, “एकशेचौदा, जैसे थे!”

शेवटी तोडगा बँडमास्तरांनी काढला. दोन्ही हात दुसऱ्या कामाला लावले तर ते पायांच्या नादी लागणार नाहीत, ह्या विचारानं त्यांनी माझ्या गळ्यात साईड ड्रम अडकवला. तो दिवस आणि बारावीचा निरोपसमारंभ, मी एकदाही पाय चुकलो नाही. पहिल्या पालकभेटीला आईनं मला बँडमध्ये बघितलं. कडक इस्त्री, कमरेला पट्टा, गळ्यात ढोल. ती वडिलांना एवढंच म्हणाली, “वारणानगर चालत जायाच्या अंतरावर हुतं.”

पालकभेट दुसऱ्या रविवारी. त्याच्या आदल्या दिवशी न्हावी येत असे. तो एका बाजूनं साठ पोरांवर मशीन फिरवत जायचा आणि कुठलं डोकं कुणाचं ह्यात त्याला रस नव्हता. पहिल्या दिवाळीला मी तसल्या डोक्यानं गावात उतरलो. एस.टी.तून पाय खाली टाकतोय तोच शेजारच्या काकूंनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. “कोन गेलं रं?” मी म्हटलं, “कोण नाही, कटिंग हाय.” पण तोवर बातमी माझ्या पुढं निघून गेली होती. मी घरी पोचलो तेव्हा दारात चौघं बसलेली, आणि माझे आजोबा, म्हणजे ज्यांच्याविषयी संशय होता ते, त्यांना स्वतः पाणी देत होते.

त्याच दिवाळीत काट्याचं झालं. शाळेत बुधवारी रात्री काटा-सुरीनं जेवायचा तास असायचा. ऑफिसर मेसमध्ये बसला म्हणजे कसा बसला पाहिजे, ह्याची तालीम. मेनू मात्र मेसचाच: चपाती, वांगं आणि डाळ. चपातीला डाव्या हातातल्या काट्यानं भोसकून धरायची आणि उजव्या हातानं कापायची. चपाती मेसची असल्यामुळं ती धार नसलेल्या सुरीला दाद देत नसे. एकदा शिरोळच्या एकाची अर्धी चपाती उडून थेट हाऊसमास्तरांच्या डाळीत पडली. मास्तर म्हणाले, “सर्व्हिस फ्रॉम द लेफ्ट.” तर घरी भाऊबीजेला सगळे पंगतीत बसलेले. समोर तांबडा, पांढरा, सुकं. मी सवयीनं ताठ बसलो आणि आत हाक दिली, “आज्जी, काटा दे.” आजीच्या हातातली पळी तिथंच थांबली. “मोडला व्हय? कुठल्या पायात? थांब, हलू नगंस, सुई आणतो.” आमच्याकडच्या बायका ‘आणते’ म्हणत नाहीत, ‘आणतो’ म्हणतात, आणि म्हटलं की आणतातच. कंदील आला, सुई आली, चुन्याची डबी आली. पांढरा रस्सा निवत होता आणि मी दोन्ही पाय आजीच्या मांडीवर देऊन बसलो होतो. शेवटी तिनं टाचेतून काहीतरी काढलंच.

आता आमच्या घरातला खरा फौजी. आजोबांचे धाकटे भाऊ, सगळा गाव त्यांना सुभेदार आबा म्हणतो. मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात. १९७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होती आणि आबा तिच्यात होते. शाळेत जायच्या आधी माझी खात्री होती, की निवृत्त फौजी पहाटे चारला उठून थंड पाण्यानं अंघोळ करतो. आबा साडेआठला उठायचे. धोतर, गंजीफ्रॉक, अंगणात खाट, खाटेवर तंबाखूची चंची, आणि चंचीजवळ एक मांजर, जिच्यावर आबांचा काडीचा वचक नव्हता. मी सुट्टीत घरी आलो की पहिले दोन दिवस साडेपाचला उठायचो, चादरीची चौकोनी घडी घालायचो, बूट घासायला बसायचो. बूट घासायचं हे एक शास्त्र आहे. आधी ब्रश, मग फडक्यानं चेरी ब्लॉसमचा पातळ थर, मग कापसाच्या बोळ्याला पाण्याचा एकच थेंब आणि बोटाच्या पेराएवढी वर्तुळं, न दाबता, तास तास. पाणी जास्त झालं की पांढुरकं होतं, कमी झालं की ओरखडा. टोकावर आपले दात दिसायला लागले की झालं. आबा खाटेवरून हे बघत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दात आरशात दिसत न्हाईत व्हय तुला?”

“आबा, तुम्ही घासत नव्हता?”

“घासलं की. सव्वीस वर्सं घासलं. म्हणून तर आता चपल्या घालतोय.”

जमालपूरची गोष्ट ऐकायला मी त्यांच्या मागं लागायचो, विशेषतः १९९९ च्या जूनमध्ये. तेव्हा कारगिल चालू होतं आणि आमची आठवी ब चौथ्या तासाला ठराव करून बॉर्डरवर जायला निघाली होती, गेटवरच्या वॉचमननं परत पाठवली. जमालपूरची हकीकत पुस्तकांत सविस्तर आहे: ठाण्याला वेढा पडला, शरण या म्हणून आपल्याकडून पत्र गेलं, आणि त्यांच्या कर्नलनं उत्तर लिहिलं ते एका बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून पाठवलं. आबांची आवृत्ती अशी: “पत्र धाडलं. उत्तरात गोळी आली. मग आमी गेलो.” पुढं काही नाही. एकदाच जास्त बोलले, तेही वेगळंच: “थंडी लई हुती. आणि भाताला चव नव्हती.”

शाळेत मात्र युद्धाचा सगळा साठा सिनेमांतून येई. शनिवारी रात्री टीव्ही आणि कॅसेट. ‘प्रहार’ आम्ही इतक्यांदा पाहिला, की नानानं पडद्यावर कुणाकडं रोखून बघितलं की मागच्या रांगेतली पोरं सावधान व्हायची. त्या सिनेमासाठी नानानं खरोखर मराठा लाइट इन्फंट्रीत बेळगावला प्रशिक्षण घेतलं होतं, हे उस्ताद दर वेळी सांगायचे, जणू शिकवायला तेच होते. ‘बॉर्डर’ मात्र एकदाच लागला. त्यातलं घरून आलेल्या पत्रांचं गाणं सुरू झालं आणि सहावी-सातवीच्या साठ पोरांनी एकदम गळा काढला. हाऊसमास्तरांनी दिवे लावले, तर तेही नाक पुसत होते. पुढच्या शनिवारी ‘अशी ही बनवाबनवी’.

दहावीत आम्हाला खडकवासल्याला नेलं. एन.डी.ए. म्हणजे आमची पंढरी. सुदान ब्लॉकचा घुमट बघून सगळे गप्प झाले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजांनी जे केलं त्याच्या कृतज्ञतेनं सुदाननं एक लाख पौंड दिले, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार आपल्या वाट्याला आले आणि त्यातून ही इमारत झाली, असं गाईड सांगत होता. मागून गडहिंग्लजवाला कुजबुजला, “बघ, वाटणी कुठं चुकत न्हाई.” मग भोजनगृह. दोन हजारांवर कॅडेट तिथं एका वेळी जेवतात हे ऐकल्यावर आमचं देशप्रेम एकदम वाढलं. रस्त्यानं सायकलींच्या रांगा शिस्तीत चाललेल्या, आणि एक कॅडेट सायकल खांद्यावर घेऊन घामाघूम पळत होता. आम्ही समजून गेलो, शिक्षा म्हणून आम्हाला माराव्या लागणाऱ्या मुरुमावरच्या कोलांट्यांचंच हे मोठं भावंड. गडहिंग्लजवाला तेवढा हळहळला, “पंक्चर झाली असंल.”

२००४ साली मी एन.डी.ए.ची लेखी पास झालो. नऊशे मार्कांची परीक्षा, तीनशेचं गणित. ज्या गणितानं मला नदीत घातलं त्यानंच काठावर काढलं. मुलाखतीसाठी एस.एस.बी., भोपाळ. मिरजेहून गोवा एक्सप्रेस. आईनं भडंगाचा डबा दिला, वडिलांनी सूचना दिल्या आणि आबांनी एकच विचारलं, “परतीचं तिकीट काढलंयस न्हवं?”

तिथं छातीवर नंबर लावतात. मी सतरा. पहिल्या दिवशी एक धुरकट चित्र तीस सेकंद दाखवतात आणि गोष्ट लिहायला लावतात. बाकीच्यांना चित्रात रक्तदान शिबिर दिसलं, पूरग्रस्तांना मदत दिसली. मला स्वच्छ ऊसतोड दिसली. मग दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून चर्चा करायची. सगळे एकदम इंग्रजीत बोलायला लागले. माझं इंग्रजी बेताचं, पण मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाळी द्यायची सवय. मी एकदाच बोललो. सगळे थांबले. पुढच्या फेरीत गेलो.

पुढं साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, शब्द दिसला की वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग: तुम्ही अमुक ठिकाणी आहात, अमुक संकट आलं, काय कराल? क्लास लावलेली मुलं पोलिसांना कळवून, जखमींना दवाखान्यात पोचवून, वर वेळेत परीक्षेलाही पोचत होती. मी चार-पाच ठिकाणी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘आधी वडिलांना फोन करीन.’ चित्रांवरून गोष्टी लिहायच्या परीक्षेत शेवटचं चित्र कोरं असतं, पांढरा कागद. त्यावर मी वारणेत वाहून गेलेल्या दप्तराची गोष्ट लिहिली आणि नायकाला ते परत मिळवून दिलं.

तिसऱ्या दिवशी मैदानावरची कामं. फळी, दोर, पिंप देतात आणि अडथळ्यांवरून सगळ्यांनी मिळून पलीकडं जायचं. नियम असा, की खांबांचा पांढरा भाग चालतो, पिवळ्यावर माणसानं पाय द्यावा पण सामान टेकू नये, आणि तांबड्याला अजिबात शिवायचं नाही. पांढरा चालेल, तांबडा नाही! कोल्हापूरच्या माणसाची ह्याहून निर्दय परीक्षा घेता येईल असं मला वाटत नाही. दोन तासांत मी तीनदा तांबड्यावर गेलो.

पाचव्या दिवशी सगळे अधिकारी गणवेशात अर्धवर्तुळात बसले आणि एकेकाला आत बोलावलं. मला विचारलं, इथलं काय सुधारावं? मी म्हणालो, “सर, चपाती.” ते मोकळेपणानं हसले. त्या हसण्यावर मी निकाल लागेपर्यंत जगलो. मग दोन नंबर पुकारले. सतरा त्यात नव्हता.

कोडोलीत पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. डोंगरामागं ऊन गेलेलं. आबा खाटेवरच होते, मांजर चंचीवर.

“काय झालं?”

“न्हाई झालं.”

आबांनी तंबाखू मळली, थाप मारली. “जैसे थे?”

“जैसे थे.”

“मग हातपाय धू आणि जेव जा.”

त्यानंतर गावानं मला मेजर केलं. बँकांच्या परीक्षा, एक बी.कॉम., एक पतसंस्था, एक लग्न. बायको म्हणते, तुमच्या शाळेनं तुम्हाला दोनच गोष्टी दिल्या: पहाटे साडेपाचला जाग आणि त्यानंतर काय करायचं ह्याचा पत्ता नसणं. मेजर म्हणत नाहीत ते फक्त आबा. “सुभेदारानं मेजरला सलाम ठोकावा लागतोय,” ते म्हणतात, “आणि तू तर माझं धोतर वाळत घालतोस.”

गेल्या २६ जानेवारीला प्राथमिक शाळेच्या पी.टी.च्या सरांचा घसा बसला. सरपंच म्हणाले, “मेजर हाईत की.” मला थेट ध्वजस्तंभासमोर उभं केलं. दोनशे पोरं, पुढं अंगणवाडीची, स्वेटर वर ओढलेली. मी छाती भरून ‘परेड, सावधान!’ दिलं आणि मैदानातली पोरं, खुर्च्यांवरची मंडळी, बंबाजवळचा चहावाला, सगळे ताठ झाले. सरपंचांनी दोरी ओढली. झेंडा उलगडेना. आणखी ओढली. वरची गाठ घट्ट. ह्या प्रसंगाला हुकूम नव्हता. साठ प्रसंगांतही हा आला नव्हता. पोरं सावधान, सरपंच घामाघूम, मी वडिलांना फोन करायच्या बेतात.

तेवढ्यात आबा आले. उशिरा, नेहमीप्रमाणं. मफलर, काठी, पायांत चपला, आणि स्वेटरवर पदकांची ओळ, जी मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. कुणाशी न बोलता स्तंभापाशी गेले, काठी सरपंचांच्या हातात दिली, दोरी थोडी सैल सोडली, हलकासा झटका दिला. पाकळ्या खाली आल्या. आबा एक पाऊल मागं सरले आणि ऐंशीला टेकलेला तो वाकलेला माणूस एकदम सरळ झाला आणि हात कपाळाला गेला. मी सलामीचा हुकूम द्यायचा विसरलो. पोरांनी आबांकडं बघूनच सलाम केला, अंगणवाडीच्या दोघांनी डाव्या हातानं.

राष्ट्रगीत झालं. आबांनी काठी परत घेतली, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “मेजर, सोडा पोरांस्नी. जिलबी गार व्हायलीया.”

मी इतका गडबडलो, की घाईत ‘विसर्जन!’ देऊन मोकळा झालो. अर्धी पोरं उजवीकडं वळली, अर्धी डावीकडं, मधल्या रांगा एकमेकांच्या नाकावर आदळल्या.

“जैसे थे!” मी ओरडलो. पण पोरं तोवर जिलबीच्या पातेल्याशी पोचली होती.